पहिली गाडी बेताच्या पैशांत: मराठवाड्यातल्या नव्या चालकासाठी

पहिली गाडी कोणती घ्यावी, असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात. त्यातली बरीच नावं चांगलीही असतात. पण सांगणारा वीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला असतो आणि त्याच्या खात्रीचा मिस्त्री असतो. तुमचं लायसन्स मात्र नवं आहे आणि पैसा मोजका. म्हणून हे सगळं नव्या चालकाच्या बाजूनं लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. मराठवाड्यात राहणाऱ्या आणि पाच लाखांच्या आसपास बसवू पाहणाऱ्या माणसानं जुलै २०१९ नंतर बनलेली, एकाच मालकानं वापरलेली, पेट्रोलवरची लहान गाडी घ्यावी. नवी घ्यायची ऐपत असली तरी पहिली दोन वर्षं जुनीच वापरावी. हीच तारीख का, आणि अशी गाडी शोधायची, पारखायची आणि नावावर करायची कशी, ते क्रमानं पाहू.

गाडीआधी लायसन्स

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोपर्यंत गाडीला 'एल'ची पाटी आणि शेजारच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवाच. "गाडी आधी घेऊ, शिकणं होत राहील" हा बेत मला पटत नाही. वैध लायसन्स नसताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि समोरच्याची भरपाई घरावर येते. दुसरं असं, की ड्रायव्हिंग स्कूलची गाडी महिनाभर चालवली की क्लच जड लागतो का, मागचं दिसतं का, बोनेटचा अंदाज येतो का, हे स्वतःचं स्वतःला कळतं. मग गाडी बघायला गेल्यावर विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा तुमचा पाय जास्त खरं सांगतो.

गाडी कुठं फिरणार, ते लिहून काढा

एका कागदावर महिन्याभराच्या फेऱ्या मांडा. संभाजीनगरातून रोज वाळूजला जाणाऱ्याची गरज वेगळी. अंबाजोगाईत राहून आडगावच्या शाळेवर जाणाऱ्या बाईंची वेगळी. आणि आठवड्यातून एकदा आईला दवाखान्यात नांदेडला नेणाऱ्याची आणखी वेगळी. लग्नसराईत सात माणसं न्यायची म्हणून सात सीटची गाडी घेऊ नका. तसे दिवस वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्या दिवशी भाड्याची गाडी करा. उरलेले दिवस लांब गाडी गल्लीत वळवताना आणि बाजाराच्या दिवशी रिव्हर्स घेताना नवा चालक घामाघूम होतो.

रस्त्याचा विचार करताना गाडीची जमिनीपासूनची उंची बघा. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि बसकी गाडी तिथं चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, लागते. चेंबर फुटून ऑइल गळालं आणि तशीच गाडी पुढं रेटली तर इंजिन जातं. रेनॉ क्विडची उंची १८४ मिमी, टाटा पंचची १८७ मिमी आहे, मारुती वॅगन आरची १६५ मिमीच्या आसपास. पण हे आकडे रिकाम्या गाडीचे. त्यामुळे चार माणसं बसवून गावच्या गतिरोधकावरून गाडी एकदा नेऊन बघा. कागदावरच्या आकड्यापेक्षा या एका चाचणीवर माझा जास्त भरवसा आहे. रोजचा रस्ता डांबरी असेल तर १६५ मिमीही पुरते.

इंधनाचं गणित फार ताणू नका. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्यानं पेट्रोल घ्यावं. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर एका वेगात पळावी लागते. घर ते मोंढा आणि मोंढा ते घर असं फिरणाऱ्याचा हा फिल्टर तुंबतो आणि खर्च मोठा येतो. सीएनजी किलोमीटरला स्वस्त पडतो, पण डिक्की जाते, आणि तालुक्याच्या ठिकाणी पंप आहे का, त्यावर रांग किती असते, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. जुन्या सीएनजी गाडीत टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, तेही विचारा. इलेक्ट्रिक गाडी घरात चार्जिंगची सोय असलेल्या, रोज ठरावीक अंतर जाणाऱ्या माणसाला परवडते. पहिली आणि एकुलती एक गाडी म्हणून मी ती अजून सुचवणार नाही.

क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी एएमटी गाडी शहरातल्या गर्दीत सोपी जाते, त्यात कमीपणा काही नाही. गिअर बदलताना ती किंचित रेंगाळते, हे मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात ओव्हरटेक करताना लक्षात ठेवावं लागतं, एवढंच.

पैसा: किमतीच्या पलीकडचा

हातात पाच लाख असतील तर गाडी चार ते सव्वाचार लाखांची बघा. उरलेल्या पैशांत विमा, नावावर करण्याचा खर्च, चार टायर, बॅटरी आणि पहिली सर्व्हिसिंग बसते. हा पैसा बाजूला न काढता सगळी रक्कम किमतीत घालणारे लोक पुढचे सहा महिने गुळगुळीत टायरांवर फिरतात. मला त्याची खरोखर भीती वाटते.

नवीच घ्यायची असेल तर शोरूमच्या पाटीवरच्या किमतीला भुलू नका. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के एकरकमी वाहन कर लागतो. म्हणजे सहा लाखांच्या पेट्रोल गाडीला ६६ हजार करातच गेले. त्यावर विमा आणि फास्टॅग धरले की आकडा सात लाखांच्या घरात पोचतो. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दर काढा. बिलात 'हँडलिंग चार्ज' दिसला तर तो कशाचा, ते विचारा आणि काढायला लावा.

कर्जाचा एक हिशेब देतो. पाच लाख साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १०,५०० रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ३० हजार जातं. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८,१७० च्या आसपास येतो, पण व्याज १ लाख ८६ हजारांवर जातं. हप्ता हलका दिसतो म्हणून लोक सात वर्षं घेतात आणि गाडी जुनी झाल्यावरही फेडत राहतात. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज आणखी चढं असतं, त्यामुळे बँक, पतसंस्था आणि फायनान्सवाला असे दर समोरासमोर ठेवून बघा. शेतीवर घर चालत असेल तर एक जास्तीची काळजी घ्या. सोयाबीन-कापसाचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. सुगीच्या जोरावर मोठा हप्ता बांधून घेतला की जून-जुलैत बी-बियाणं आणि हप्ता एकदमच दारात येतात.

इंधनही धरा. महिन्याला ८०० किलोमीटर, लिटरला १८ चा अॅव्हरेज आणि १०५ रुपयांचा भाव धरला तर साडेचार हजारांवर पेट्रोल लागतं.

जुलै २०१९ च का?

एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक, म्हणजे जोरात दाबले तरी चाकं जाम न करणारे ब्रेक, सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर हेही सक्तीचे झाले. म्हणजे त्यानंतर बनलेल्या अगदी स्वस्त गाडीतही नव्या चालकाला सावरणाऱ्या या गोष्टी असतात. शिवाय एप्रिल २०१९ पासून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच येते, त्याआधीच्या गाडीला ती वेगळी बसवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. २०२२ पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. घरची माणसं शेजारी बसणार असतील तर बजेट थोडं ताणून २०२२ नंतरची बघा. हा जास्तीचा पैसा मोठ्या स्क्रीनवर किंवा अलॉय व्हीलवर घालण्यापेक्षा इथं घालावा.

क्रॅश टेस्टचे, म्हणजे गाडी आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या चाचणीचे, तारेही विचारात घ्या. टाटा नेक्सॉन २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. पंचलाही पाच मिळाले. भारताची स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. मात्र तारे त्या ठरावीक मॉडेलचे असतात. त्याच नावाची आधीची पिढी वेगळी निघू शकते, तेव्हा वर्ष जुळवून घ्या.

जुन्या बाजारात काही गाड्या विलक्षण स्वस्त दिसतात. शेवरलेनं २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. गाड्या वाईट नव्हत्या. पण हेडलाइट फुटला तर उदगीरला किंवा गंगाखेडला तो कधी मिळेल, हा प्रश्न नव्या माणसानं अंगावर घेऊ नये. तालुक्याच्या मिस्त्रीला विचारा, "क्लच प्लेट आज सांगितली तर कधी मिळेल?" ज्या गाडीचं उत्तर 'आजच' किंवा 'उद्या' येतं ती यादीत ठेवा. स्वस्तातली जुनी डिझेल स्कॉर्पिओ किंवा सफारी दाराशी शोभते खरी, पण तिचा टर्बो आणि क्लच लहान गाडीच्या वर्षभराच्या खर्चाइतका घास एकदम घेतात.

नवीच घ्यायची ठरवली असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. नव्या गाडीचा भाव उतरला की जुनीचाही उतरला पाहिजे. विकणारा आधीच्या बाजारभावावर अडून बसला तर हे त्याला सांगा.

पारख: सकाळी, थंड इंजिनावर

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर ती तुमच्याआधी कुणीतरी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडा, आतून दुधाळ साय दिसली तर तिथूनच परत फिरा. रेडिएटरही बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची सवय आहे, त्या क्षारांचा थर आत बसला की मे महिन्याच्या उन्हात गाडी तापते. एसी दुपारी तपासा, सकाळच्या गारव्यात सगळेच एसी चांगले वाटतात.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा आपल्याकडचा सध्याचा मोठा धोका आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, जालना भागात पाणी वस्त्यांत शिरलं. बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात, आणि पुणे-मुंबईच्या तशा गाड्याही इकडं विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या भागावर गाळाची रेघ राहिलेली असते. पायपुसणं काढून कार्पेट उचला आणि वास घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांखाली गंज किंवा वाळलेला गाळ दिसतो का पाहा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगच्या जोडांवर हिरवट-पांढरी पूड आहे का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ असू शकते. अशा गाडीचं इंजिन आज चालतं, पण इलेक्ट्रिकचे दोष महिन्यामहिन्यानं निघत राहतात. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मुंबईच्या गाडीला खालून गंज आहे का, हेही बघून घ्यावं, समुद्राच्या हवेनं पत्रा खातो.

अपघाताच्या खुणा शोधायला पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का बघा, आणि बोनेट-दरवाज्यांच्या बोल्टवरचा रंग पाना लागून उडाला आहे का पाहा. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली, ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. '२३१९' असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी बदलूनच घेईन.

मीटरवरचे किलोमीटर मागं फिरवलेले असू शकतात. मीटर तीस हजार दाखवतो आणि क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून चकचकीत झालंय, तर शंका घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर आधीच्या नोंदी असतात, मालकाला बरोबर नेऊन त्या काढून घ्या. मागची विमा पॉलिसीही मागा. त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो.

मग चालवून बघा, निदान अर्धा तास, त्यात एक खराब रस्ता हवाच. खडखड ऐकू येते का, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं का, हे बघा. आणि इतकं सगळं करूनही शेवटी तुमचा, म्हणजे विकणाऱ्यानं सुचवलेला नव्हे, असा मिस्त्री हजार-पाचशे देऊन बरोबर न्या.

कागद: इथं घाई नको

आपल्या भागात बाँडवर गाडी घ्यायची पद्धत फार आहे. शंभर-पाचशेच्या बाँडवर लिहून घेतात, टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करायच्या फॉर्मवर) सह्या घेतात आणि गाडी वर्षानुवर्षं आधीच्या मालकाच्याच नावावर फिरते. असा व्यवहार करू नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. अपघात झाला, गाडी चोरीला गेली, तर विम्याचा पैसा मागायला तुमच्या हातात काही उरत नाही. आणि तिथवर मूळ मालकाचं निधन झालं असेल तर वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

रीत अशी: फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या आणि तुमच्या सह्या, आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्रं, आणि परिवहनच्या पोर्टलवर अर्ज. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवून घ्यावी लागते. पूर्ण पैसे त्यानंतरच द्या. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवून बघा. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. ई-चलान थकलं असेल तर ते विकणाऱ्याकडून भरून घ्या.

एमएच-१२ पासिंगची पुण्याची गाडी घेतली तर नंबर तोच राहतो. पण देगलूर, उदगीर, उमरगा भागातल्या लोकांना हैदराबाद, बिदर, कलबुर्गीकडच्या गाड्या स्वस्त म्हणून दाखवल्या जातात. त्या गाडीला तिकडच्या आरटीओचं एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतं, इथला कर भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. बारा महिन्यांपुढं परराज्याच्या नंबरवर इथं गाडी ठेवता येत नाही. हा खर्च धरला की तो स्वस्तपणा बहुतेक वेळा विरून जातो.

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर खात्यावरची नोंद हाच तुमचा पुरावा. दुसरी चावी मागायला विसरू नका.

विमा

गाडी विकत घेतल्यापासून १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज कंपनीला द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. नव्या चालकानं नुसत्या थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणाऱ्या विम्यावर, राहू नये. पहिल्या वर्षात बंपर घासणारच, फाटकाला आरसा लागणारच. पाच-सहा वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप (बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारा विमा) मिळालं तर घ्या. इंजिन प्रोटेक्शनही घ्या. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि बंद पडली, तर ती पुन्हा सेल्फ मारून चालू करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि हे नुकसान साध्या विम्यात बसत नाही.

गाडी घरी आल्यावर

पूजा झाली की दुसऱ्याच दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला. आधीच्या मालकानं "आत्ताच केलंय" सांगितलं तरी बदला. टायरची हवा सकाळी, गाडी फिरायच्या आधी तपासा. पिवळट झालेल्या हेडलाइटच्या काचा घासून घ्या किंवा बदला. आपल्याकडं हा खर्च चैनीचा नाही. दिवाळीनंतर कारखाने पेटले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, आणि त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागं ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर.

पहिले काही महिने रात्रीचा लांबचा प्रवास टाळा. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची परवानगी आहे, म्हणून नव्या हातानं १२० वर जावं असं नाही. मे महिन्यात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर जुने टायर तासभर त्या वेगात ठेवणं धोक्याचं आहे. जालन्याहून चढून संभाजीनगरला उतरायचं, डाव्या लेनमध्ये, ऐंशी-नव्वदवर, शेजारी अनुभवी माणूस बसवून, असा सराव आधी करा. मुंबईचा बेत त्यानंतर आखा.